दंड आम्ही भरू, पण माल भरणाऱ्यालाही जबाबदार धरा

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी चिपळूण तालुक्यातला तीन गाड्यांचा मालक. जांभ्या दगडाचे चिरे, सिमेंट, खत आणि मोसमात आंबा, जे भाडं मिळेल ते उचलतो. कोकणात माझ्यासारखेच गाडीमालक जास्त. एक-दोन गाड्या, डोक्यावर बँकेचा हप्ता, आणि ऑफिस म्हणाल तर खिशातला मोबाइल.

दंड कमी करा, असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वर जादा टनामागे २ हजार असा दंड आला. तो मला योग्यच वाटतो. कुंभार्ली किंवा आंबा घाटात ब्रेक तापून सुटलेली भरलेली गाडी काय करते, हे आम्हा लोकांना कुणी सांगायला नको. माझी तक्रार वेगळी आहे. पकडली जाते गाडी, दंड बसतो मालकाला, गुन्हा दाखल होतो ड्रायव्हरवर. ज्याने माल भरला, त्याचं नावसुद्धा कुठल्या कागदावर येत नाही.

चिऱ्यांचंच घ्या. खाणीवर चिरा नगावर विकतात. गौण खनिजाचा वाहतूक पास निघतो ब्रासमध्ये, म्हणजे घनफुटांच्या मापात. आणि रस्त्यात आरटीओचे साहेब गाडी तोलतात टनात. जांभा हा पाणी पिणारा दगड आहे. नुकता कापलेला ओला चिरा आणि उन्हात सुकलेला चिरा यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो. अवकाळी पाऊस झाला की तेवढ्याच नगांनी गाडी पासिंगच्या, म्हणजे मंजूर वजनाच्या, वर जाते. जिथे मी गाडी लावतो त्या खाणींवर वजनकाटा नाही. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले, टायर दबले, यावरूनच ड्रायव्हर अंदाज बांधतो. तो म्हणाला, “वरचा थर काढा,” तर मुकादमाचं उत्तर ठरलेलं: “नाय परवडत तर बाजूला घे, मागे दुसरी उभी आहे.” भाडं नगावर असतं. थर कमी झाला तर पैसे आमचे जातात, खाणवाल्याचं काहीच जात नाही. तो तोच थर पुढच्या गाडीत भरतो.

साहेब, यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ फक्त गाडी चालवणाऱ्यापुरतं नाही. जो ओव्हरलोड गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही ते लागू आहे. ही तरतूद खाणमालक, कारखाना, बंदर आणि रस्त्याचा ठेकेदार यांच्यापर्यंत कधी पोचणार? माल जिथे भरला जातो तिथे काटा सक्तीचा करा. काट्याच्या पावतीवर भरणाऱ्याची सही घ्या, आणि त्या पावतीशिवाय पास निघू देऊ नका. पास देणारं महसूल खातं तुमच्याकडे नाही हे मला माहीत आहे. पण मंत्रिमंडळात दोघे एकाच टेबलाभोवती बसता.

दुसरी गोष्ट कलम ११४ ची. जादा माल जागेवर उतरवून घ्यायचा अधिकार या कलमाने दिलेला आहे. प्रत्यक्षात दंडाची पावती फाडली जाते आणि तीच गाडी तेवढाच माल घेऊन पुढच्या घाटाला लागते. मग आपण नक्की काय थांबवलं?

अपघात झाल्यावर काय होतं, तेही ऐका. थर्ड पार्टी विमा आहे म्हणून आपण निर्धास्त आहोत, असं बऱ्याच लहान मालकांना वाटतं. गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट संपलेलं निघालं, परमिट नसलं किंवा ड्रायव्हरचं लायसन्स त्या गाडीला चालणारं नसलं, की विमा कंपनी हात वर करते. अपघाताच्या दाव्यांचा निकाल देणाऱ्या ट्रिब्युनलने भरपाई आधी कंपनीला भरायला लावली तरी ती नंतर मालकाकडून वसूल होऊ शकते. रक्कम लाखांत असते, आणि अशा वेळी घर नाहीतर आंब्याच्या कलमांची बाग विकण्यावाचून माणसाकडे दुसरं काही उरत नाही. पिकअपवाल्यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला. मालासकट एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स पुरेसं आहे, असा तो निकाल. आमच्या भागातल्या कित्येकांना तो अजून माहीत नाही. आरटीओ कॅम्पच्या दिवशी अर्धा तास काढून या गोष्टी मराठीत समजावून सांगितल्या तर किती घरं वाचतील!

आमच्यातही ब्रेकचे लायनर संपेपर्यंत गाडी दामटणारे आहेत. त्यांचं पासिंग जरूर अडवा, आम्ही मध्ये पडणार नाही.

आता झोपेचं बोलतो, कारण माझ्या मते निम्मं दुखणं तिथेच आहे. ड्रायव्हरने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासच काम करावं, असं १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा सांगत होता; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या कायद्यात पाचपेक्षा कमी कामगारांचा धंदा येत नव्हता, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तेच तास सगळ्याच वाहतूक गाड्यांना लावले आहेत. म्हणजे मीही त्यात आलो. पाळायचे आहेत, पण कुठे पाळू? एप्रिल-मेमध्ये रत्नागिरीत संध्याकाळी पेट्या भरल्या की पहाटे वाशी मार्केट गाठायचं असतं. २०११ पासून काम चाललेल्या या मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्यापासून पनवेलपर्यंत ड्रायव्हरने बिनघोर गाडी लावून चार तास पडावं अशी सरकारी जागा मला तरी सापडलेली नाही. मग तो रस्त्याच्या कडेला गाडी लावतो, मागून एखादी मोटारसायकल येऊन धडकते, आणि केस पुन्हा आमच्यावरच.

तेव्हा विनंती अशी, की येत्या आंब्याच्या मोसमाआधी संगमेश्वर, खेड आणि माणगाव या टप्प्यांवर ट्रक उभे करायला जागा द्या. दिवे, पाणी, संडास आणि राखणीला एक माणूस असला तरी पुरे. चिरेखाणींच्या काट्याबाबत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांसोबत एक बैठक लावा. त्या बैठकीला मोठ्या ट्रान्सपोर्टरांच्या बरोबरीने एक-दोन गाड्यांवाल्यांनाही बोलवा. कागदपत्रं घेऊन आम्ही येऊ.

आपला,
चिपळूण तालुक्यातील एक गाडीमालक