फिलिपिन्सच्या ‘एमबीबीएस’ प्रवेशाबाबत तक्रार आणि रक्कम परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
परदेशी वैद्यकीय प्रवेश विभाग,
लातूर कार्यालय

दिनांक: 20 ऑगस्ट 2024

महोदय,

मुलीच्या एमडीच्या (फिलिपिन्समध्ये डॉक्टरकीच्या मूळ पदवीलाच हे नाव आहे) पहिल्या हप्त्यासाठी गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयातून तीन फोन आले. हप्ता मी भरलेला नाही आणि भरणारही नाही. कारण सांगायला लागलो की तिकडून फोन ठेवला जातो, म्हणून रजिस्टर्ड पोस्टाने लिहितो आहे.

सप्टेंबर 2022 मध्ये नीटचा निकाल लागला. मुलगी पात्र ठरली, पण सरकारी जागा मिळेल इतके गुण नव्हते आणि खासगी कॉलेजची फी आम्हाला झेपणारी नव्हती. त्याच महिन्यात आपला सेमिनार झाला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं: ‘एनएमसी मान्यताप्राप्त’, ‘साडेपाच वर्षांत एमबीबीएस’, ‘एफएमजीई कोचिंग मोफत’. एनएमसी म्हणजे राष्ट्रीय वैद्यक आयोग आणि एफएमजीई म्हणजे परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांना इकडे द्यावी लागणारी परीक्षा. मी उभं राहून एकच प्रश्न विचारला होता, की परत आल्यावर पोरीला इकडच्या परीक्षेला बसता येईल ना? आपल्या सरांनी माइकवरून उत्तर दिलं, “काका, बसता येईल म्हणजे काय, पास होऊनच दाखवेल.” सगळे हसले. मीही हसलो.

बसता येणार नाही, हे या जुलैत कळलं. तेही आपल्याकडून नव्हे, मुलीच्या वसतिगृहातल्या एका सीनियरकडून. तिने मुलीला प्रवेशाची तारीख विचारली आणि म्हणाली, “आमचं जमतंय, तुमचं नाही.”

राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे परदेशी पदवीधरांसाठीचे नियम 18 नोव्हेंबर 2021 रोजी राजपत्रात आले. त्याआधी प्रवेश घेतलेल्यांना ते लागू नाहीत. नंतरच्यांसाठी वैद्यकीय अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, तोही इंग्रजीतून. त्यानंतर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत आणि मग आणखी 12 महिने भारतात. शिवाय त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने मिळण्याजोगा असला पाहिजे.

माझ्या मुलीचा प्रवेश नोव्हेंबर 2022 चा, म्हणजे राजपत्र निघून वर्ष झालं होतं. 6 ऑगस्टला काउंटरवर मला सांगण्यात आलं, “नियम नंतर बदलले, आमच्या हातात काय?” हे खोटं आहे. आपल्या भिंतीवर ज्या डॉक्टर मुलामुलींचे फोटो लावले आहेत, त्यांच्या प्रवेशाच्या तारखा एकदा फोटोंखाली लिहून बघा.

आता हिशेब. आपण 18 महिने बीएस आणि 48 महिने एमडी मिळून 66 दाखवलेत. मी 54 शी ताडून पाहिलं असतं तरी ते भरपूरच वाटलं असतं. पण बीएस हा वैद्यकीय शिक्षणाच्या आधीचा अभ्यासक्रम आहे, तो त्या 54 महिन्यांत धरला जात नाही, ही आयोगाची भूमिका आहे. राहिले 48. सहा महिने कमी. बियाण्याच्या वजनात पोत्याचं वजन धरावं, तसला हा हिशेब.

बीएस झाल्यावर एमडीला जाण्यासाठी तिथली एनमॅट नावाची वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, हेही मुलीला तिकडे पोहोचल्यावर कळलं. इंटर्नशिप ‘इथे लातुरात करून देऊ’ असं आपल्या मॅडमनी सांगितलं होतं. ती त्याच संस्थेत करावी लागते. परवान्याबद्दल विचारलं तर काउंटरवर कुणी बोलेना. परदेशी नागरिकाला परवाना द्यायचा तर त्याच्या देशानेही फिलिपिन्सच्या लोकांना तशीच मुभा दिलेली असावी, ही अट तिथल्या 1959 च्या वैद्यकीय कायद्यातच आहे. आणि ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ हे तर काय! आयोग परदेशातल्या कुठल्याही कॉलेजची शिफारस करत नाही.

एफएमजीई अवघड असते हे आम्हाला ठाऊक होतं. 300 प्रश्न, पास व्हायला 150 गुण. जूनमध्ये नापास झाली असती तर डिसेंबरला पुन्हा बसली असती, आम्ही कळ काढली असती. इथे तर अर्जच टिकणार नाही. ज्या परीक्षेचं हॉल तिकीट मिळायचं नाही, तिचं कोचिंग आपण फुकट देणार होतात!

माझं औसा तालुक्यात छोटं कृषी सेवा केंद्र आहे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो, उगवणशक्ती 70 टक्क्यांखाली चालत नाही. उगवलं नाही तर शेतकरी तालुक्याला अर्ज देतो, पंचनाम्याला माणसं येतात आणि मला लॉट नंबरसकट उभं राहावं लागतं. “पाऊस नंतर बदलला” म्हणून सुटता येत नाही. आपण एका पिशवीपेक्षा कितीतरी महाग वस्तू विकलीत आणि टॅगवर भलतंच छापलंत.

आपल्याकडे भरलेले सेवा शुल्क 1,75,000 रुपये आणि आपल्यामार्फत भरलेली बीएसची फी 2,90,000 रुपये, मिळून 4,65,000 रुपये परत करावेत. पावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत. विमान आणि जेवणखाणाचा खर्च मी मागत नाही, तो कर्जात गेला. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं ‘फाइलसाठी’ म्हणून आपण ठेवून घेतलीत, ती आधी हवीत. माझं चुकत असेल, तर मुलगी कोणत्या नियमानुसार पात्र ठरते ते लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. मी हप्ता घेऊन येतो.

घाई आहे. नीटचा निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं धरला जातो आणि तिचा निकाल 7 सप्टेंबर 2022 चा आहे. दुसऱ्या देशात नियमात बसणारा अभ्यासक्रम शोधायचा तर पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल, कारण सगळं शिक्षण एकाच संस्थेत व्हावं लागतं. गेलेले 18 महिने धरले जाणार नाहीत. तिची नीट नव्याने द्यायची तयारी आहे, पण तो निर्णय तिला घेऊ द्यावा.

पंधरा दिवसांत रक्कम आली नाही तर लातूर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत अगदी प्रवेशापासून मोजली तरी नोव्हेंबरपर्यंत आहे. ‘शिक्षण ही सेवा नव्हे’ हा युक्तिवाद आपले वकील करतील. आपण विद्यापीठ नाही, शुल्क घेऊन सल्ला देणारे मध्यस्थ आहात, हे आपल्याच पावतीवर छापलं आहे.

मुलगी 28 तारखेला परत येते आहे. गुणपत्रकं न्यायला आम्ही दोघं शुक्रवारी, 30 ऑगस्टला सकाळी अकरा वाजता कार्यालयात येऊ. सेमिनारमधले सरही त्या दिवशी हजर असावेत.

आपला ग्राहक,
(नाव, पत्ता आणि सही करारनाम्याच्या शेवटच्या पानाप्रमाणे)

सोबत: पावत्यांच्या प्रती, करारनाम्याची प्रत, सेमिनारमध्ये वाटलेलं माहितीपत्रक