शुभास पत्र : खोली मिळाली, माणसाचं काय?

रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

प्रिय शुभे,

फोन हातात घेतला होता, पण तू मध्येच बोलायला लागतेस आणि माझं अर्धं पोटातच राहतं. म्हणून सरळ कागद घेतला. इकडे सगळे बरे. ह्यांची शुगर आटोक्यात, माझा गुडघा होता तसाच.

शुक्रवारी नगरपरिषदेची बजेटची सभा झाली. इतकी वर्षं प्रशासकच होता, डिसेंबरातल्या निवडणुकीनंतरचं हे पहिलं बजेट, त्यामुळे सभागृह खच्चून भरलेलं. विषयपत्रिकेवर आपला विषय होता. हो, आपलाच. अत्याचार झालेल्या मुलांसाठी जबाब आणि आधार केंद्र. आणि आपल्या बाजूने कोण उभं राहिलं असेल? हेडसर! आता स्वीकृत नगरसेवक आहेत. शाळेच्या गेटवर तू त्यांना जे सुनावलं होतंस ते आठवून मला तिथेच घाम फुटला. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मग चांगलंच झालं की." त्यांना काय कळणार.

आधी विरोध काय झाला ते ऐक. एक जण उठले आणि म्हणाले, "असलं केंद्र काढलं की गावाची बदनामी. बाहेरचा माणूस विचारणार, तुमच्याकडे हे प्रकार एवढे होतात का? उद्या पोरींच्या सोयरिकी जुळायच्या नाहीत." निम्म्या माना हलल्या. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मला बोलायला पाच मिनिटं दिली होती. मी म्हटलं, सध्या काय होतं तेवढंच सांगते. पोर आईला सांगतं. मग ठाण्यात सांगतं. मग दवाखान्यात डॉक्टरला. मग मॅजिस्ट्रेटपुढे तो कलम १६४चा जबाब, जे नव्या कायद्यात कलम १८३ झालंय. मग बालकल्याण समितीपुढे. आणि जरा सावरायला लागलं की कोर्टात, पुन्हा पहिल्यापासून. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २४मध्ये २०१२पासून लिहून ठेवलंय की जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यावा, शक्यतो महिला पीएसआयने, आणि गणवेशात नाही. आपल्या मॅडम बिचाऱ्या पिशवीत पंजाबी ड्रेस घेऊन येतात, ठाण्याच्या मागच्या बाथरूममध्ये बदलतात, आणि जबाब घेतात त्या खोलीच्या बाहेर बाकावर आरोपीचा भाऊ बसलेला असतो.

मग मी त्या पोराचं सांगितलं. नाव, गाव, काही नाही, तेवढं भान मला आहे, काळजी करू नकोस. चौथ्या माणसाने तोच प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणालं, "मगाशी त्या काकांना सांगितलं की." त्यानंतर तोंडच उघडलं नाही. बाकाच्या कडेची सुटलेली सनमायका नखाने खरवडत बसलं. कागदावर शेरा पडला, "मूल काही सांगत नाही." सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

हंट्सविलचंही घातलं, तुझा आवडता धडा. १९८५ साली अलाबामातल्या त्या गावात बड क्रेमर या सरकारी वकिलाने हेच हाल बघितले आणि पोलीस, डॉक्टर, वकील, समाजसेवक यांना एका छताखाली आणलं, की मुलाने एकदा सांगावं आणि बाकीच्यांनी ते ऐकावं. आज तिकडे अशी नऊशेवर केंद्रं आहेत. आइसलंडने १९९८ मध्ये केलं. आणि लांब कशाला, हैदराबादचं भरोसा हे असंच केंद्र २०१६ मध्ये झालं, माझी मैत्रीण ते डोळ्यांनी बघून आलीय, असं तुझ्या नावाने ठोकून दिलं.

तेव्हा हेडसर उठले. चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की काय व्हायचं ते तुला माहीत आहे, मी खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हणाले, "बदनामी केंद्राने होत नाही. एका मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मी सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून. खरं कारण मला ठाऊक होतं. तेव्हा दोन बायका मला सांगायला आल्या होत्या, त्यांना मी गेटबाहेर घालवलं." एवढं बोलून खाली बसले. पुढे एक शब्द नाही. बाहेर जिन्यात गाठ पडली तर मला विचारतात, "ती दुसरी कुठे असते हल्ली?" म्हटलं, नाशिकला. "मग बोलवा की तिला."

शुभे, त्या मुलीचा दाखला. आपण दोघी किती वर्षं म्हणत होतो की त्यांना काही माहीतच नसणार. 

ठराव झाला. एकमताने. आणि खरी रड तिथूनच सुरू होते, ऐक.

खोली मिळाली. जुन्या दवाखान्याच्या मागची, आपण पल्स पोलिओचे डबे ठेवायचो ती. मागून वेगळं दार आहे, शेजारी संडास-बाथरूम आहे, ठाण्यापासून लांब आहे, म्हणजे जागा सोन्यासारखी. इंजिनिअरने एस्टिमेट केलं ते बघायला तू हवी होतीस. ग्रॅनाइटची कोनशिला, फॉल्स सीलिंग, भिंतीभर कार्टून, खेळण्यांचं कपाट, आणि समोर उद्घाटनासाठी व्यासपीठ. नानांनी नकाशा उलटसुलट करून विचारलं, "बोहलं कुठाय?" इंजिनिअरसकट सगळे हसले आणि त्या हशातच मी व्यासपीठ कापून घेतलं. कार्टूनवरून मात्र भांडावं लागलं. रंगवलेल्या भिंती आणि खेळणी असली की मूल खेळात जातं, आणि पुढे कोर्टात बचावाचा वकील म्हणतो की ते कल्पनेतलं बोलत होतं. साध्या भिंती, दोन खुर्च्या, एक सतरंजी, कोपऱ्यात कॅमेरा, चांगला माइक. शेजारच्या खोलीत पडद्यावर बाकीचे बघणार. पंखा आवाज करणारा नको, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये पोराच्या आवाजाऐवजी पंखाच ऐकू येतो. आणि इन्व्हर्टर. एवढं सगळं ऐकून सभापतीबाईंनी विचारलं, "मग यात खर्च कसला?" तीच तर संधी होती. म्हटलं, खर्च माणसाचा.

आणि इथेच घोडं पेंड खातं. आमदार निधी आणि खासदार निधी मिळतोय, पण तो बांधकामाला आणि वस्तूंना, पगाराला एक पैसा चालत नाही. जिल्हा वार्षिक योजनेतले महिला-बालविकासाचे ३ टक्के आहेत, तिथेही पहिला प्रश्न, "वस्तू काय घेणार?" नगरपरिषदेचे स्वतःचे महिला व बालकल्याणाचे ५ टक्के शिलाई मशीन आणि पार्लरच्या कोर्सला ठरलेले. मशीनला माझा विरोध नाही, सुमनमावशीचं घर त्याच मशीनवर उभं राहिलं. पण मूल बोलत असताना समोर गप्प बसता येणं, "मग काय झालं?" याच्या पुढे एक शब्दही त्याच्या तोंडात न घालणं, "माहीत नाही" म्हटलं तरी चालतं हे त्याला आधी पटवणं, हे शिकायला वर्ष-दोन वर्षं जातात आणि ते कुठल्याच खरेदीच्या यादीत बसत नाही.

एमआयडीसीतल्या एका कंपनीकडे सीएसआरसाठी गेले. माणसं सभ्य, चहा-बिस्किटं झाली, मग म्हणाले, वर्षाचं टार्गेट किती मुलांचं, आणि लाभार्थ्यांचे फोटो लागतील, चेहरे ब्लर केले तरी चालतील. मी हात जोडून उठले. मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे हे एक, आणि आमच्याकडे एकही मूल आलं नाही तर ते आमचं सगळ्यात चांगलं वर्ष, हे त्यांच्या तक्त्यात कुठे लिहू?

शेवटी पदरात काय पडलं? एक पद, महिना १८,००० मानधन, ११ महिन्यांचा करार. २०२०चे पोक्सो नियम सांगतात की आधार देणाऱ्या व्यक्तीला कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी देऊ नका, ते मी छापूनच नेलं होतं, नाहीतर १०,००० वर बोळवण झाली असती.

पण अकरा महिने, शुभे! मला झोप लागत नाही ती या अकरा महिन्यांमुळे. कायद्यात लिहिलंय, कोर्टाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्य तोवर वर्षात निकाल. आपण पाहिलेल्या केसेस किती चालल्या ते तुला सांगायला नको. खोलीत एकदा नीट जबाब झाला म्हणून आपल्याकडे कोर्टाची पायरी टळत नाही, मुलाला साक्षीला जावंच लागतं. त्या दिवशी सकाळी सहाच्या एसटीने जिल्ह्याला त्याच्याबरोबर कोण जाणार? आईचा रोज बुडतो तो कोण भरून देणार? तिथे आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा आहे की नाही हे आधी जाऊन कोण बघणार? प्रश्न कोर्टामार्फतच विचारायचे, वकिलाने थेट अंगावर जायचं नाही, हे ऐन वेळी कोण आठवण करून देणार? ज्या ताईला पोराने पहिल्यांदा सांगितलं ती तोवर करार संपून कुठल्यातरी मॉलमध्ये कॅशवर बसलेली असेल. आणि पोराच्या शेजारी नवीनच कुणीतरी, जिला त्याला भाजीतलं वांगं आवडत नाही एवढंही माहीत नाही. मग ते पुन्हा सनमायका खरवडणार. तसली खोली बांधून आपण त्याला आणखी एकदा फसवलं असं होईल.

आता तू म्हणणार, "मी सांगत होते, सरकारी पैशाच्या नादी लागू नकोस, लोकवर्गणी काढ." माझं मत मात्र अजून जुनंच आहे. हे सरकारचं काम आहे, सरकारनेच करावं. वर्गणी माणसं मंदिराला देतात, शाळेला देतात. या कामाला पहिलं वर्ष कळवळून देतील, दुसऱ्या वर्षी विषय टाळतील, कारण ऐकायला त्रास होतो. अमेरिकेतसुद्धा बघ, या केंद्रांचा बराचसा पैसा गुन्हेगारांच्या दंडातून जमणाऱ्या केंद्रीय निधीतून येतो, १९८४च्या कायद्याने. मध्यंतरी तो निधी आटला आणि कितीतरी केंद्रांची ओढाताण झाली, मग आपापल्या काउंटीकडे, शहराकडे जावं लागलं. एकाच नळावर भिस्त ठेवली की असंच होतं, हे मात्र तुझं वाक्य, तेवढं तुला देऊन टाकते. २०२३ मध्ये १०९८, मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, सरकारकडे गेला तेव्हा तू रागाने नाशिकला निघून गेलीस. त्या रात्रीचं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, भेटलीस की पुढचं भांडू.

तर माझा बेत असा. नगरपरिषदेचं पद ११ महिन्यांचं नाही, बजेटात कायमचं वेगळं लेखाशीर्ष म्हणून घ्यायला लावायचं, दरवर्षी नव्याने हात पसरायला नको. ठराव हेडसर मांडणार. आजूबाजूच्या ग्रामपंचायतींचे महिला-बालकल्याणाचे १० टक्के असतात, रक्कम किरकोळ, पण चार-सहा सरपंचांनी थोडं थोडं घातलं तर मुलांचं एसटीभाडं आणि आईचा बुडालेला रोज निघतो. दोन महिला सरपंच तयार आहेत, एकीने तर मी बोलायच्या आधीच विचारलं, "मुलग्यांचं पण घेता ना?" आणि पतसंस्थेच्या धर्मादाय निधीतून मधल्या महिन्यांसाठी राखीव रक्कम, म्हणजे बिल अडकलं तरी ताईचा पगार अडकणार नाही. पतसंस्थेचं नाना बघतायत. त्यांनी चेअरमनला गाठलंय ते सकाळच्या फिरण्यात, तिथून पळून जाता येत नाही म्हणून.

तुझं काय चाललंय? सासूबाईंचं ऑपरेशन झालं का? ओंकारची बारावी आहे ना, त्याला माझे आशीर्वाद, आणि रात्री जागू देऊ नकोस. नाशिकची थंडी सोसते का? नवीन घराचे फोटो बघितले, स्वयंपाकघर छान आहे, ओटा मात्र तुझ्या उंचीला उंच वाटतो.

आता कामाचं. मी तुला परत ये म्हणत नाही. पण नेमणूक होईल ती मुलगी एमएसडब्ल्यू झालेली असली तरी मुलासमोर बसलेली नसणार. तिला शिकवायला माझ्याकडे तुझा संयम नाही, मी शांतता सहन करू शकत नाही, लगेच बोलते, हे तूच मला शंभरदा सांगितलंयस. एप्रिल-मेमध्ये ओंकार मोकळा झाला की शनिवार-रविवार येशील का? राहायला आमच्याकडे, माडीवरची खोली रिकामीच आहे. प्रवासखर्च आणि मानधन रीतसर मिळेल, ते मी ठरावात घातलंय, फुकट राबण्याचा जमाना गेला.

पदाच्या जाहिरातीचा मसुदा सोबत जोडलाय. पात्रता आणि कामाचं स्वरूप हे दोन परिच्छेद नीट वाच. जबाब घेणारी आणि आधार देणारी या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात असं तुझं म्हणणं मी पहिल्याच ओळीत घातलं होतं, मुख्याधिकाऱ्यांनी त्यावर काट मारलीय, कारण पद एकच. त्यावर काय लिहावं ते सुचव. लाल पेनने भरपूर खरड, आणि २५ तारखेच्या आत परत पाठव, नंतर फाइल वर जाते.

तुझी,
वसू

ता. क. हेडसरांनी तुझा नंबर मागितलाय. देऊ का?