वाडी संपली, ही नोंद कोण घेणार?

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

स.न.वि.वि.

धरणाच्या पाण्याखाली गाव जाणार असेल तर त्यासाठी आपल्या राज्यात पुनर्वसनाचा कायदा आहे. पहिला 1976 साली झाला. अंमलबजावणीची रड कोयनेच्या लोकांना विचारा, पण निदान भांडायला एक कलम हातात असतं. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड आली, तेव्हा दोन दिवसांत मुख्यमंत्री तिथे पोचले होते. आमच्या कोकणातल्या वाड्या बुडतही नाहीत आणि गाडल्याही जात नाहीत. त्यांच्या एकेका घराला कुलूप लागतं. त्याचा पंचनामा करायला कोणी येत नाही, कारण ते कोणत्याच खात्याचं काम नाही. गावांचं खातं तुमच्याकडे आहे, म्हणून तुम्हाला लिहितोय.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 16 लाख 96 हजार 777 होती, 2011 मध्ये ती 16 लाख 15 हजार 69 झाली. सिंधुदुर्गात सुमारे 19 हजार माणसं कमी झाली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र जवळपास 16 टक्क्यांनी वाढला. गंमत म्हणजे त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या घटली. आमचा चाकरमानी जिथे जात होता तिथूनही तो उठला. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर लालबाग-परळचं गिरणगाव हळूहळू मोडलं, चाळींच्या जागी टॉवर आले आणि आमची माणसं दिवा, बदलापूर, विरारला गेली. मुंबईत खोली होती तोवर एक भाऊ तिकडे आणि एक इकडे असं घर चालायचं, मनीऑर्डर यायची, शेती व्हायची. विरारच्या हप्त्यातून मनीऑर्डर निघत नाही. इकडचा भाऊही तिकडे गेला.

माणसं स्वखुशीने जातात, मान्य आहे. माझी मुलंही बाहेर आहेत आणि त्यांनी परत यावं असा माझा हट्ट नाही. दोन-चार गुंठ्यांच्या मळ्यांवर आणि डोंगरउताराच्या वरकस, हलक्या जमिनीवर कुटुंब पोसत नाही, हे खोतीच्या काळापासून कोकणाला ठाऊक आहे. कोकणातून माणूस दीडशे वर्षं मुंबईला जातोय, तरी वाड्या टिकून होत्या. आत्ता त्या का मोडतायत, हा प्रश्न आहे.

माझं उत्तर सरळ आहे. जाणारा आधीही जात होता. आता राहणाऱ्याला राहता येईनासं झालंय. आणि त्यात सरकारचा हात आहे. कोणी मुद्दाम केलंय असं नाही. प्रत्येक खातं आपापला हिशोब चोख ठेवतं आणि त्या हिशोबात आम्ही परवडत नाही.

कसं होतं ते क्रमाने सांगतो. संध्याकाळी येऊन रात्री मुक्कामाला राहणारी आणि पहाटे तालुक्याला जाणारी वस्तीची एसटी गाडी आधी जाते. कारण देतात भारमान कमी, म्हणजे प्रवासी कमी. ही गाडी गेली की कॉलेजला जाणारी पोरं तालुक्याला खोली घेतात किंवा आई त्यांना घेऊन तिकडे राहते. आईसोबत धाकटं भावंड जातं. म्हणजे शाळेचा पट दोनाने घटला. मग शिक्षण खात्याच्या यादीत शाळा कमी पटाची ठरते. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत, आणि 2023 मध्ये त्यांच्यासाठी समूह शाळेची, म्हणजे अशा शाळा एकत्र करून एकच शाळा चालवण्याची कल्पना पुढे आली. तेव्हा आमच्याकडच्या पालकांनी वाट पाहिली नाही. शाळा जाणार असं नुसतं कानावर आलं तरी नवीन लग्न झालेलं जोडपं गावात घर करत नाही. गुरुजी एकच उरले की त्यांना पोषण आहाराचे हिशोब, ऑनलाइन माहिती आणि चार इयत्ता एकदम. मग उरलेलेही पोरांची नावं काढतात, आणि कागदावर लिहिलं जातं ‘पालकांचा प्रतिसाद नाही’.

परिवहनवाल्यांना पट माहीत नाही, शिक्षणवाल्यांना भारमान माहीत नाही. गाडी बंद करताना शाळेला विचारलं जात नाही, शाळा हलवताना गाडीला. प्रत्येक निर्णय एकटा बघितला तर बरोबर दिसतो. त्यांची बेरीज करणारं टेबल मंत्रालयाच्या कोणत्या मजल्यावर आहे, ते मला सापडलेलं नाही.

शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे. नकाशावरचा किलोमीटर आणि आमचा किलोमीटर यांत एक पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आणि एक पऱ्या, म्हणजे ओढा, असतो. जुलैत त्या पऱ्याला पाणी आलं की सहा वर्षांच्या पोराला पलीकडे कोणी सोडत नाही. प्रवासभत्ता देतो म्हणतात. गाडीच नसेल तर भत्त्यावर बसून जायचं का?

उरलेल्यांत बायका आणि म्हातारे जास्त. 2011 मध्ये जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. हा आकडा एकदा एका पाहुण्याने भाषणात अभिमानाने सांगितला, आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. मुली जास्त जन्मतात असा त्याचा अर्थ नाही, साहेब. कर्ते पुरुष इथे राहत नाहीत, एवढाच आहे. आमच्याकडे मयत झालं तर खांदेकरी शेजारच्या वाडीतून बोलवावे लागतात. शाकारणीला माणूस मिळत नाही, त्यामुळे एका पावसात नळे फुटतात, दुसऱ्या पावसात वासे कुजतात आणि तिसऱ्यात भिंत बसते. लावणीची तीच तऱ्हा. एकट्याने मळा लावला तर वानर आणि रानडुक्कर सगळं त्याच्यावरच उतरतात. आजूबाजूचे पाच मळे पिकत होते तेव्हा नुकसानही वाटून जायचं. मग तोही पड टाकतो. रान गडग्यापाशी येतं, रानाबरोबर डुक्कर अंगणात येतं. भरपाईचा अर्ज सातबारावर नाव असलेल्याने करायचा, आणि सातबारा सामाईक: पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी मयत, उरलेली नालासोपाऱ्यापासून दुबईपर्यंत.

तरीही इथे राहणं अशक्य आहे असं मला कोणी सांगू नये. हापूसच्या बागांत राखणीला आणि मेहनतीला नेपाळची माणसं बायकामुलांसह येऊन राहतात, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. आमच्या शेजारच्या गावातल्या शाळेचा पट त्यांच्याच मुलांनी तोलून धरलाय. हिमालयातून माणूस इथे येऊन पोट भरतो, याचा अर्थ काम आहे. मग इथलाच माणूस का थांबत नाही, याचा अभ्यास सरकारने केलाय का?

उत्तराखंडाने केला. 2017 मध्ये त्या सरकारने पलायनावर स्वतंत्र आयोग नेमला, कार्यालय पौडीला दिलं. 2001 ते 2011 मध्ये तिथे पौडी आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती, आमच्या दोन जिल्ह्यांसारखीच. आयोगाचे लोक गावोगाव फिरले आणि 2018 च्या अहवालात सांगितलं की 2011 नंतर 734 गावं पूर्ण रिकामी झाली. सोडून गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचं कारण रोजगार होतं, 15 टक्क्यांचं शिक्षण, त्याखालोखाल आरोग्य. एवढ्याने तिथली गावं भरली असा माझा दावा नाही. पण सरकारने आपल्या तोंडाने आकडा सांगितला, याचं मोल मला वाटतं.

आपल्याकडे असा आकडा निघणारच नाही, आणि पत्राचं खरं कारण इथे आहे. कोकणात महसुली गाव एक आणि त्याच्या वाड्या सात, दहा, पंधरा. डोंगराच्या वेगवेगळ्या अंगांना पसरलेल्या. गाव मोजलं जातं, वाडी मोजली जात नाही. आमच्या गावच्या वरच्या अंगाच्या वाडीत आता दिवा लागत नाही. सरकारी कागदात मात्र गावची लोकसंख्या ‘किंचित घट’ एवढीच दिसते. महसुलाच्या भाषेत गाव बेचिराख व्हायला शेवटच्या वाडीचं शेवटचं घर बंद व्हावं लागेल. तोवर तुमच्या अहवालात सगळं ठीक.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्यानंतर शिमगा येईल, आज कुलूप दिसणारी घरं उघडतील, पालखी घरोघर फिरेल, खांद्यासाठी पोरांत चढाओढ लागेल. गणपतीत तर गाव तिप्पट होतो आणि मेमध्ये दुप्पट. नळयोजना मात्र माणशी 55 लिटर या हिशोबाने मोजलेल्या डोक्यांवर आखली जाते, म्हणून गणपतीत टाकी सकाळी नऊलाच रिकामी. पैशाचंही तेच. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण अनुदान राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला 90 टक्के भार दिला आणि क्षेत्रफळाला 10. हेच माप खाली झिरपत आलं की विखुरलेल्या वाड्यांचं गाव हरतं, कारण दिव्याचे खांब आणि पाखाड्या माणसांच्या नाही, अंतराच्या हिशोबाने लागतात. डोकी घटली की आवाजही घटतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. संगमेश्वर नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. 2008 च्या पुनर्रचनेनंतर तो नाही.

माझं मागणं फार नाही. महिन्याभरात शासन निर्णय निघेल इतकंच आहे.

गाडी, शाळा, टपाल, आरोग्य उपकेंद्र यांपैकी राज्याच्या हातातली कोणतीही सेवा बंद किंवा स्थलांतरित करण्याआधी ग्रामसभेचा ठराव आणि तुमच्या खात्याचा लेखी अभिप्राय सक्तीचा करा. अभिप्रायात एकच प्रश्न असू दे: याआधीच्या पाच वर्षांत याच वाडीतून आणखी काय काय काढून घेतलं? तिथेच बेरीज होईल. टपाल केंद्राचं आहे हे मला कळतं. तिथे निदान पत्र तरी लिहा.

ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून, वाडीवार यादी करून घ्या, वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यात आणि एकदा गणपतीत. किती घरं उघडी, किती बंद, किती पडलेली, शाळेत जाणारी पोरं किती. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत निम्मी माहिती आधीच आहे. बंद घरांचीही घरपट्टी मुंबईहून भरली जाते, हे तुमच्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम बघावं. ज्याने गाव सोडलाय तो पट्टी भरत नाही.

सामाईक सातबाराच्या वाटणीसाठी तहसीलदारांची शिबिरं मेमध्ये आणि गणपतीत लावा, जेव्हा सगळे सहहिस्सेदार गावात असतात. जमीन महसूल संहितेत कलम 85 आहेच. शिबिरं ऑक्टोबरात लावली तर मंडपात मंडल अधिकारी आणि आम्ही चार म्हातारे एवढेच असतो.

आयोग नेमायचा की नाही ते तुम्ही ठरवा. नेमलात तर त्याचं कार्यालय मुंबईत नको. संगमेश्वरला किंवा राजापुरात जागा भरपूर आहे.

या पत्राच्या प्रती शालेय शिक्षण, परिवहन आणि महसूल खात्यांनाही पाठवतोय. तिकडून ‘विषय आमच्या अखत्यारीत नाही’ असं उत्तर आलं तर ते मी तुमच्याकडेच पाठवीन.

आपला,
संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीचा रहिवासी