चावी कोणाच्या हातात दिली होतीत? : खालच्या मजल्यावरच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता, आणि जिन्यात गाठलं तर टायरमधली हवा कधी तपासली ते विचारता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. इथं मध्येच फोन ठेवायची सोय नाही.

क्लचच्या कामाला गाडी टाकली होती. तिसऱ्या दिवशी आणायला गेले तर डावा हेडलाइट फुटलेला, फेंडर आत गेलेलं, बॉनेट धड बसेना. गॅरेजचे शेठ म्हणाले, "इथंच गाडी मागे घेताना पोरानं खांबाला लावली. पण तो माझा माणूस नाही हो. येतो, बसतो, काम शिकतो. रजिस्टरला नाव नाही की काही नाही. त्याच्याकडूनच भरून घ्या." पोरगा मागे तेलकट फडकं पिळत उभा होता. त्याच्याकडून काय भरून घेणार होते मी? तरी सगळा राग त्याच्यावरच निघाला. पोलिसांत जायचं ठरवूनच तुमची बेल वाजवली.

फोटो पुढे केले तर तुम्ही ते बाजूला सारलेत आणि विचारलंत, "चावी कोणाच्या हातात दिली होतीत?"

शेठच्या.

"मग शेठशी बोला. त्या पोराशी तुमचा व्यवहार काय?"

पुढचा अर्धा तास मी जे ऐकलं ते इतकी वर्षं गाडी वापरून मला ठाऊक नव्हतं. दुरुस्तीला दिलेली गाडी म्हणजे कायद्याच्या भाषेत बेलमेंट, म्हणजे ठरलेल्या कामासाठी आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १४८. ज्यानं वस्तू ताब्यात घेतली, त्यानं ती स्वतःची असती तर शहाण्या माणसानं जशी जपली असती तशी जपायची, हे कलम १५१. ती कोणाकरवी हाताळली, हा त्याचा प्रश्न. आणि पोरगा नोकर आहे की नाही ते हजेरीपटावरून ठरत नाही, काम कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणासाठी चाललं होतं त्यावरून ठरतं. "नाव लावलं नाही ही शेठची चूक," तुम्ही म्हणालात, "त्या चुकीचा फायदा त्यालाच कसा मिळेल?"

मी जॉब कार्डामागचं, म्हणजे गाडी घेताना गॅरेजनं दिलेल्या कागदामागचं, बारीक अक्षर दाखवलं. 'गाडी मालकाच्या जोखमीवर.' तुम्ही हसलात. आयुष्यभर ठोकलेल्या गाड्यांचे सर्व्हे केलेला माणूस हसेल तसं. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या ताब्यातून पाहुण्याची गाडी चोरीला गेली, तेव्हा हॉटेलनं हीच ओळ पुढे केली होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या निष्काळजीपणातून अशी ओळ छापून सुटता येत नाही, आणि गाडी ताब्यात घेतल्यावर काय झालं याचा खुलासा ताबा घेणाऱ्यानंच करायचा.

मग तुम्ही चष्मा घेऊन माझ्याबरोबर गॅरेजला आलात. त्या वयात, त्या उन्हात. सीटवर बसून गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा पाहिलात, गाडी देताना जॉब कार्डावर लिहिलेला आकडा पाहिलात. तेवीस किलोमीटरचा फरक. "खांब बराच लांब दिसतो तुमचा," एवढंच शेठना म्हणालात. ते गप्प. तेव्हा पोरगाच बोलला, "शेठनी दुसऱ्या गाडीचा पार्ट आणायला पाठवलं होतं." असं बोलणं त्याला महागात पडू शकलं असतं. म्हणून या पत्रातला थोडा भाग त्याचाही.

आणि तिथं, तेलाच्या डब्यांमध्ये उभं राहून, तुम्ही घोड्याची गोष्ट सांगितलीत. कलम १५४ खालचं उदाहरण. एकानं दुसऱ्याला फक्त स्वतः बसण्यासाठी घोडा दिला. त्यानं तो घरातल्या माणसाला दिला. त्या माणसानं घोडा नीट हाकला, तरी घोडा पडला आणि जखमी झाला. जबाबदार कोण? घोडा घेणारा. त्याच्याच खाली दुसरा घोडा : बनारसला जायला म्हणून कलकत्त्यात भाड्यानं घेतला आणि नेला कटकला. ठरलेल्या कामाबाहेर वस्तू वापरली की 'आम्ही काळजी घेतली होती' हे उत्तरच संपतं. दीडशे वर्षांपूर्वी मोटार नव्हती, पण माझी गाडी कटकला गेलीच होती की.

शेठनी शेवटचं अस्त्र काढलं : आधी क्लचचं बिल, मग गाडी. मी भांडायला उठले, तुम्ही बसवलंत. झालेल्या कामाच्या मजुरीपोटी गाडी अडवायचा हक्क कलम १७० त्याला देतं. तेव्हा बिल भरा, पावतीवर 'नुकसानीबाबत हक्क राखून' असं लिहा आणि गाडी बाहेर काढा. हे मला एकटीला सुचलं नसतं. मी महिनाभर रागात बसले असते.

विम्याचंही तसंच. क्लेम केला असता तर पाच वर्षं जपलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला असता, तोही दुसऱ्याच्या चुकीपायी. हे ऐकून मी हुश्श करणार तोच तुम्ही सहज म्हणालात, त्या तेवीस किलोमीटरमध्ये रस्त्यावरचा कोणी जखमी झाला असता तर? गाडी मेकॅनिकच्या हाती असली तरी जखमीची भरपाई मालकाच्या विमा कंपनीला द्यावी लागते, असा १९८८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही तुमच्या खात्यावर जमा.

पत्र तुम्हीच सांगितलंत, मी टाइप केलं. एक पान. तारखा, दोन्ही आकडे, फोटो, दुसऱ्या गॅरेजचं खर्चाचं अंदाजपत्रक, पंधरा दिवसांची मुदत. मी घातलेली सगळी विशेषणं तुम्ही खोडलीत (माझ्या मते 'निर्लज्ज' ठेवायला हरकत नव्हती). स्पीड पोस्टनं पाठवलं, पोच जपून ठेवली. ग्राहक आयोगाची तक्रारही तयार ठेवली होती : राहत्या जिल्ह्यात करता येते, घटनेपासून दोन वर्षांत, वकील लागत नाही, आणि सेवेपोटी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असली तर शुल्कही नाही. दाखल करावी लागली नाही. बाराव्या दिवशी शेठचा फोन आला, दुरुस्तीचा खर्च त्यांनी दुसऱ्या गॅरेजला परस्पर भरला.

त्या दिवशी तुम्ही त्यांना बाजूला घेऊन काहीतरी बोललात. मी ऐकलं नाही असं तुम्हाला वाटतं. "पोराच्या हातावर ठेवता त्यातून हे कापू नका" असं म्हणालात. पोलिसांतही तुम्हीच जाऊ दिलं नाहीत. त्याला दोन तास बाकावर बसवतील, तुमचा हेडलाइट काही येणार नाही, म्हणालात. खरं सांगायचं तर तेव्हा मला तुमचा रागच आला होता.

तुमची चष्म्याची डबी डॅशबोर्डवर राहिली आहे. दोनदा आणून दिली, दोन्ही वेळा तुम्ही टायर पाहायला म्हणून खाली आलात आणि परत तिथंच विसरलात. रविवारी पुन्हा आणते. हवा भरून घेतली आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची