सर्व्हर सुरू होण्याआधी, सायलीस

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

येत्या शुक्रवारी 'इको' या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा नवा सर्व्हर सुरू होतोय आणि तू त्यात नाव दिलंयस, एवढंच तू फोनवर सांगितलंस. मेसच्या रांगेत उभी होतीस, मागे गलका होता, त्यामुळे माझं बोलणं तोंडातच राहिलं. सुट्टीत आपण ओंकार, चिनू आणि बाकीच्या भावंडांबरोबर खेळलो ते घरातलं होतं. कुणी रुसलं तर जेवायच्या वेळेपर्यंत आपोआप मिटायचं. शुक्रवारी तू अनोळखी लोकांमध्ये जाणार आहेस, म्हणून सविस्तर लिहिते.

हा खेळ मला आवडतो, आणि तू त्यात वेळ घालवतेस याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. स्ट्रेंज लूप गेम्स या कंपनीने तो मुळात शाळकरी मुलं डोळ्यांसमोर ठेवून करायला घेतला, अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं अनुदानही त्याला मिळालं, आणि 2018 च्या फेब्रुवारीत तो स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला. तो करणाऱ्यांनी विचार किती केलाय ते त्याच्या मांडणीतच दिसतं. आकाशात उल्का आहे, ती खऱ्या घड्याळाच्या 30 दिवसांनी आदळणार, आणि तोवर दगडी कुऱ्हाडीपासून उल्का फोडणाऱ्या लेझरपर्यंत मजल मारायची. त्या वाटेवर जंगल तोडून टाकलं, नद्या नासवल्या, हरणांची शेवटची जोडी मारून खाल्ली, तर उल्केची वाट बघायची गरजच उरत नाही. आणि तिथे कुणी कुणाला मारू शकत नाही. सगळा प्रश्न एकमेकांबरोबर राहायचं कसं एवढाच आहे.

आता तुझ्याबद्दल. तुला सगळं येतं, सायली. लहान असल्यापासून दप्तर स्वतः भरायचीस, सायकलची चेन स्वतः बसवायचीस, गणित अडलं तरी बाबांना न विचारता रात्री उशिरापर्यंत झटत बसायचीस. मला त्याचा अभिमानच आहे. पण सुट्टीतल्या खेळातही तू झाडं तोडलीस, चुलीवर शिजवलंस, दगडी घर तूच बांधलंस, आणि तांबंही तूच वितळवायला निघालीस. ते चाललं, कारण आपण माणसं कमी होतो आणि ओंकारने सर्व्हरची सहकार्याची पातळी सगळ्यात खाली ठेवली होती. ती वर नेली की कौशल्यं महाग होतात आणि एकेका माणसाला एखाद-दुसरंच नीट जमतं. नवा तारा, म्हणजे नवा व्यवसाय शिकायचा परवाना, मिळायला आधीच्यापेक्षा जास्त अनुभव लागतो, आणि दर ताऱ्याला एकच व्यवसाय. तुझ्या सर्व्हरवर पातळी 'हाय' आहे म्हणालीस. म्हणजे तिथे तू एकटीने सगळं करायला गेलीस तर दुसऱ्या आठवड्यातही लाकडी झोपडीतच असशील, आणि तुझा शेजारी तोवर विटांच्या घरात.

एक झाड आठव. कुऱ्हाडीने पाडायचं, उतारावर असेल तर ते गडगडत खाली जातं, त्याच्यामागे धावायचं, फांद्या एकेक करून छाटायच्या, खोडाचे तुकडे करायचे. ओंडके पाठीवरच्या पिशवीत जात नाहीत, हातात मावतील तेवढेच उचलायचे आणि चालत न्यायचे. मग परत यायचं. बुंधा जमिनीतच असतो, तोही काढायचा. दर घावागणिक पोटातल्या कॅलरी उतरतात, आणि त्या संपल्या की मरण येत नाही, नुसती कुऱ्हाड चालेनाशी होते. तू त्या उतारावर कितीदा गेलीस आणि आलीस, मी बाजूला बसून बघत होते. शेवटी चिनूने माती दाबून रस्ता केला आणि हातगाडी आणली. तुझं जे काम अख्खी दुपार खात होतं ते त्या रस्त्याने एका खेपेवर आलं. रस्ता कर असं तू त्याला म्हणाली नव्हतीस, त्याच्या मनात आलं म्हणून झाला. इथे कुणाच्या मनात यायची वाट बघू नकोस. पहिल्याच दिवशी कुणाकडे तरी काहीतरी माग.

व्यवसाय कुठला घ्यावा हे तू विचारलं नाहीस, तरी माझं मत सांगते. पहिल्या दिवशी सगळे सुतारकामावर आणि खाणीवर तुटून पडतील. तू स्वयंपाकाकडे बघ. (मुलगी म्हणून सांगत नाही, ते तुला माहीत आहे.) सुताराकडून माणूस टेबल एकदा घेतो, गवंड्याकडून घर एकदा बांधून घेतो, पण जेवायला पुन्हा पुन्हा येतो. आणि या खेळात जेवण म्हणजे नुसती कॅलरी नाही. कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि जीवनसत्त्वं, चारही तोलून असली तर अनुभव भराभर साठतो. नुसती बीटं भाजून खाणारा आणि चौरस जेवणारा यांच्यात आठवड्याभरात मोठं अंतर पडतं. म्हणजे तुझ्या हातचं जेवून लोहार लवकर चांगला लोहार होणार. शिवाय स्वयंपाक करणारीला शेतकऱ्याकडे जावं लागतं, शिकाऱ्याकडे जावं लागतं, चूल-भांड्यांसाठी आणखी कुणाकडे. कुणाचं काय बिनसलंय, कुणाचं पीक करपलंय, हे तिला सगळ्यात आधी कळतं. तुला तसं चार ठिकाणी जायला लागावं, हाच माझा खरा हेतू आहे.

पैशाचं सांगायचं तर, टांकसाळ उभी राहीपर्यंत प्रत्येकाच्या नावाची उधारी हेच चलन असतं. तुझ्या नावाच्या उधारीवर लोक लाकूड देतील, कारण उद्या तुझ्याकडून जेवण मिळणार याची त्यांना खात्री असेल. ती खात्री टिकव. दुकानात भाव लावलास की तो दर तासाला बदलू नकोस, आणि माल नसेल तर तशी पाटी लाव. पहिल्या आठवड्यात भाव थोडा पडता ठेवलास तरी चालेल. नव्याने आलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं, आणि तो दोन दिवसांत कंटाळून गेला तर सगळ्यांचंच नुकसान. असे निघून गेलेले लोक हा या खेळाचा मोठा रोग आहे. त्यांची जमीन त्यांच्या नावावर, पेट्या कुलूपबंद, आणि त्यांनी जे शिकायचं ठरवलं होतं ते कुणालाच येत नाही.

आता नदीचं. ओंकारने तांब्याचं खनिज धुऊन उरलेला गाळ वरच्या अंगाला उघड्यावर टाकला होता, आणि खाली चिनूची बीटं मेली. खेळात तो गाळ विषारी असतो. उघड्यावर ठेवला तर जमिनीत आणि पाण्यात पसरतो, खोल पुरला तर बराच आटोक्यात राहतो. खड्डा खणायला वेळ जातो, म्हणून कुणी खणत नाही. तेव्हा तू रागाने ओंकारचं नाव टाकलंस, आठवतं? त्यानेही तुझ्याशी बोलणं सोडलं. मग चिनूनेच खेळाबरोबरचं वेबपान उघडून प्रदूषणाचा नकाशा दाखवला. आरोप कुणावरच करावा लागला नाही, लाल डाग कुठून निघतो ते सगळ्यांना दिसत होतं. अनोळखी लोकांत हे फार उपयोगी पडेल. भांडायच्या आधी आलेख उघड. कुठल्या प्राण्याची संख्या किती उतरली, हवेत कार्बन डायऑक्साइड किती वाढला, सगळं तिथे असतं. कार्बन वाढला तर समुद्र चढतो आणि किनाऱ्यावरची घरं पाण्यात जातात, हे लोकांना वेळेत दाखवलं तर भट्ट्यांवर नियम करायला तेही तयार होतात.

नियमावरून मला आजोळ आठवतं. पांझरेकाठी, साक्री तालुक्यात, फड पद्धतीने पाणी देत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाच्या पाण्याखालचं सगळं क्षेत्र ते थळ, आणि थळाचे तीन-चार फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, आणि पुढच्या वर्षी पाळी बदलायची. बहुतेकांचा थोडाथोडा तुकडा प्रत्येक फडात असायचा, म्हणून पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला, तर झळ सगळ्यांनाच सारखी बसायची. आणि तुझे पणजोबा बारेकरी होते, हे तुला कुणी सांगितलंय की नाही कोण जाणे. शेतकऱ्याने आपल्या शेतात आपण पाणी घ्यायचं नाही, बारेकरी देणार. पाटावर पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि मोबदला धान्यात. श्रीमंताच्या वावरात जास्त वेळ पाणी राहू नये म्हणून ही सगळी व्यवस्था. गावातल्या एका बड्या माणसाने एकदा पणजोबांना रात्री आपलं बारं, म्हणजे पाण्याची पाळी, लांबवायला सांगितलं होतं. ते तिथेच बांधावर बसून राहिले, पण पाटाचं दार त्यांनी ठरल्या वेळेलाच बंद केलं. हे मी आईकडून ऐकलंय, आणि ती ते सांगताना नेहमी ताठ बसायची.

1968 मध्ये गॅरेट हार्डिन नावाच्या शास्त्रज्ञाने लिहिलं होतं, की सगळ्यांच्या मालकीचं कुरण शेवटी उजाड होणारच, कारण जो तो आपलं एक जनावर जास्त घालणार. एलिनॉर ऑस्ट्रॉमबाईंनी जगभरातल्या खऱ्या कुरणांचे आणि खऱ्या पाटांचे अभ्यास एकत्र करून दाखवलं की तसंच व्हायला हवं असं नाही. स्वित्झर्लंडमधलं ट्यॉर्बेल, जपानमधली गावं, स्पेनमधलं वॅलेन्सिया, इथे लोकांनी शतकानुशतकं सामायिक गोष्टी राखल्यात. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. वॅलेन्सियात आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथीड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय बसतं. निवडून दिलेले शेतकरीच न्यायाधीश, वकील नाही, तोंडी बोलायचं आणि तिथल्या तिथे निकाल. मला त्यातलं ते ठरलेलं वार आणि ठरलेली वेळ फार महत्त्वाची वाटते. तक्रार असलेल्या माणसाला कुठे जायचं आणि केव्हा, हे माहीत असतं, म्हणून तो मनात धुमसत बसत नाही. तुमच्या सर्व्हरवरही आठवड्यातून एकदा अशी बैठक असावी, असं तू पहिल्याच दिवशी सुचव. अध्यक्षाची निवडणूक नंतर होऊ दे.

मात्र पांझरेकाठच्या नियमात आणि तुमच्या नियमात एक मोठा फरक आहे, तो विसरू नकोस. पणजोबांना रात्रभर जागावं लागायचं, कारण नियम मोडता येत होता. 'इको'मध्ये एकदा कायदा मंजूर झाला की तो खेळच पाळायला लावतो. झाड तोडायला बंदी घातली तर कुऱ्हाड त्या झाडावर चालतच नाही. ऐकायला किती छान! पण माणूस नियमाला अपवाद करतो, परिस्थिती बघतो. खेळ शब्दावर बोट ठेवून चालतो. 'नदीकाठी तोड बंद' असं लिहिलंत आणि अंतर चुकलं, तर बिचाऱ्या शेतकऱ्याला स्वतः लावलेलं झाडही काढता येणार नाही, आणि तो तुमच्यावर कायमचा उखडेल. म्हणून कायदा लहान ठेवा, आधी एका भागापुरता करा, आणि ज्याच्या पोटावर तो येणार आहे त्याला बैठकीत बोलवून मगच मत टाका. सरसकट बंदीपेक्षा कर आणि अनुदान बरं. गाळ खोल पुरणाऱ्याला गावाच्या तिजोरीतून पैसे दिलेत तर खड्डे आपोआप खणले जातील.

लोक तुझ्याशी वाकडं बोलतील तेव्हा लगेच उत्तर लिहू नकोस, एवढंच. आणि कुणी खरंच घाणेरडं बोललं, किंवा तुझा पत्ता, फोटो, कॉलेज विचारू लागलं, तर तिथे सहकार्य वगैरे काही नाही. सरळ सर्व्हर चालवणाऱ्याला कळव आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

जमीन घेताना पाण्यापासून जवळ पण खाणीच्या वरच्या अंगाला घे. समुद्रकिनाऱ्यावर दृश्य चांगलं असतं, तरी नको. रात्री बारानंतर खेळू नकोस. तू झोपलीस तरी तिथली शेती वाढतच असते, त्यामुळे काही बिघडत नाही. 14 तारखेची तोंडी परीक्षा लक्षात आहे ना? आणि ती खोलीतली नवी मुलगी, जिच्याशी अजून नीट बोलणं झालं नाही म्हणालीस, तिला विचार की तुझ्याबरोबर खेळायचंय का. तिला कॉम्प्युटरवरचं काही येत नाही असं तूच ठरवून टाकलंयस, तिला विचारलेलं नाहीस. शेतकरी तर तुला लागणारच आहे.

पुढच्या रविवारपर्यंत पत्राने नाही तर निदान मेसेजने कळव: व्यवसाय कुठला घेतलास, शेजारी कोण आहे, बैठकीचा वार ठरला का, आणि गाळाचं काय केलंत.

तुझी,
आई