किती जणांपैकी किती, तेही छापा

मा. संपादक,

‘धोका दुप्पट’, ‘संशोधनातून सिद्ध’, ‘प्रार्थनेने आजार पळाला’ असा मथळा दिसला की त्याखालच्या बातमीत मी आधी एकच गोष्ट शोधतो : किती जणांपैकी किती? बहुतेकदा ती सापडत नाही. दावा विज्ञानाचा असो, आरोग्याचा असो की धर्माचा, पुरावा पाहिल्याशिवाय तो मान्य न करणारा मी वाचक आहे. म्हणून या तिन्ही विषयांच्या बातम्यांबद्दल थोडे लिहितो.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की, तिसऱ्या पिढीतील गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. इशारा खोटा नव्हता. पण आधीच्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार स्त्रियांत साधारण एकीला हा त्रास होत असे, नव्या गोळ्यांनी तो दोघींना होऊ लागला. सात हजारांमागे एक जास्त, एवढाच या ‘दुप्पट’चा अर्थ. लोकांपर्यंत मात्र ‘दुप्पट’ हा शब्द पोचला, सात हजार हा आकडा मागे राहिला. घाबरून कित्येकींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे त्या बायकांना त्या वेळी कोणी सांगितले? एक आकडा गाळल्याची किंमत त्यांनी मोजली. हे वाचले तेव्हा मी सुन्न झालो होतो, अजूनही होतो.

दुसरे उदाहरण बहुतेकांना माहीत आहे. १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरचा निबंध आला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची लस व स्वमग्नता (ऑटिझम) यांचे नाते जोडले गेले. अभ्यासातली मुले होती फक्त १२, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. नुसते ‘बारा मुले’ हे दोन शब्द मथळ्याखाली छापले असते, तरी पुष्कळ आईबाप थांबून विचार करते. २०१० मध्ये लॅन्सेटने तो निबंध मागे घेतला. तोवर कितीतरी मुले लसीवाचून राहिली होती. यात आपल्या व्यवसायाला अभिमान वाटावा अशीही एक बाजू आहे. त्या अभ्यासातला खोटेपणा ब्रायन डीअर या पत्रकाराने चिकाटीने खणून काढला. मागे घेतलेल्या निबंधाची बातमी मूळ बातमीच्याच पानावर आणि तेवढ्याच आकारात यावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

धर्माच्या बातम्यांत आपण फार अवघडतो. श्रद्धा ज्याची त्याची, तिच्यावर मला बोलायचे नाही. पण ‘अमुक केल्याने रोग बरा होतो’ हे विधान शरीराविषयी आहे आणि ते तपासता येते. तसे ते तपासलेही गेले आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील सहा रुग्णालयांतील १,८०२ बायपास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होईलच असे ज्यांना सांगितले नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांत ५१ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. प्रार्थना होणार हे ज्यांना पक्के ठाऊक होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. यावरून ‘प्रार्थना घातक’ असा निष्कर्ष काढणारे माझ्या बाजूचे लोक मला भेटले आहेत. तेही चूकच. एका अभ्यासातून एवढे मोठे विधान निघत नाही, आणि देव आहे की नाही याचे उत्तर तर मुळीच निघत नाही. चिकित्सा आपल्या सोयीच्या निष्कर्षापाशी थांबत असेल तर तिला चिकित्सा म्हणू नये.

उपचारांविषयी लिहिणाऱ्या वार्ताहरांनी एका ताज्या अभ्यासावर विसंबण्याआधी ‘कॉक्रेन’चे आढावे पाहावेत. १९९३ पासून ही संस्था एकेका उपचारावरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासते, आणि प्रत्येक आढाव्याचा साध्या भाषेतला सारांश कोणालाही फुकट वाचता येतो. ‘पुरेसा पुरावा नाही’ असे उत्तर तिथे वरचेवर भेटते. ते उत्तरही बातमी म्हणून छापण्याजोगे असते.

आरोग्य पुरवणीतल्या प्रत्येक संशोधनाच्या बातमीखाली एक छोटी चौकट द्यावी, असे सुचवतो : प्रयोग माणसांवर की उंदरांवर, किती जणांवर, तुलनेसाठी दुसरा गट होता का, पैसे कोणी दिले. दोन-तीन ओळींत मावेल. जागा कमी पडली तर छायाचित्र लहान करा, वाचक म्हणून माझी तक्रार नसेल.

आपला,
एक नियमित वाचक