चि. मनूस

सोलापूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोकड कापल्याचं सगळं भडाभडा सांगून झाल्यावर, ठेवता ठेवता 'अंगठ्याला जरा लागलंय' म्हणालीस. आई शेजारीच होती, म्हणून गप्प बसलो. मग तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. पट्टी पार मनगटापर्यंत आलीय. याला जरा म्हणत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस, बरं केलंस. आता तो विषय पुन्हा काढणार नाही.

रात्री मुलाणी चाचांचा फोन आला. 'साहेब, पोरीनं मूठ मारून कातडं सोडवलं, एक भोक पाडलं नाही.' शिकाऊ माणूस सुरीवर भिस्त ठेवतो आणि कातड्याची चाळण करून टाकतो. मांस आणि कातड्याच्या मधे मूठ सरकवत जायला हातात बळ लागतं आणि धीरही. खरं सांगू, मी फोन ठेवून गच्चीवर जाऊन आलो. आईला काही बोललो नाही. तिचं तुला माहीत आहेच.

मानेवर सुरी तू चालवलीस की त्यांनी, हे मी विचारलं नाही. घरच्यापुरतं असेल तेव्हा तुझं तू ठरव. कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या पंगतीच्या बोकडाला मात्र सुरी त्यांचीच. तो त्यांचा मान आहे, आणि पंगतीला बसणारे त्यांच्या भरवशावर बसतात. आपण आपला फरा काढावा, बोट्या कराव्यात.

अंगठा कुठल्या कामात कापला? कातडं काढताना की पोट उघडताना? हे विचारतो कारण पावसाळ्यात तुझ्या दोन शेळ्या गाभडल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच पिलं पडली. तेव्हा पिलांबरोबर पडलेली वारही तूच उचललीस, आणि हातमोजे घातले होते का या प्रश्नाला तू उत्तर दिलं नव्हतंस. बोकड त्याच कळपातला. ब्रुसेला, शेळ्या गाभडवणारा तो जंतू, असेल तर तो असाच रक्तातून, वारेतून, उघड्या जखमेतून माणसात येतो. आठवड्यात दिसेल नाहीतर महिन्या-दोन महिन्यांनी. संध्याकाळी ताप चढतो, घाम फुटतो, कंबर धरते, आणि डॉक्टर टायफॉइड म्हणून गोळ्या देत राहतात. आमच्या पशुसंवर्धन खात्यातल्या एकाचं वर्ष असंच गेलं. म्हणून रोज ताप मोज. शेळ्यांचा नको, तुझा वेगळा थर्मामीटर घे. त्यांचा १०२-१०३ असतो हे पाठ आहे तुला. स्वतःचा किती, ते कधी बघितलंयस?

आता पुढच्या वेळचं. आदल्या रात्रीपासून चारा बंद, पाणी चालू. कोथळा हलका असला की काम स्वच्छ होतं. अन्ननळीला आणि मागच्या बाजूला आधी दोऱ्याची गाठ मारायची, मग आतडी बाहेर. पित्ताची पिशवी फुटली तर काळीज कडू झालंच समज. काळीज आणि फुप्फुस उजेडात धरून बघ. पाण्यानं भरलेले फोड दिसले तर तो भाग पुरून टाक, खोल. मोतीला नाही! कच्चा तुकडाही नाही. तो किडा कुत्र्याच्या पोटात वाढतो, त्याच्या विष्ठेतून पुन्हा चाऱ्यावर येतो, आणि माणसाच्या काळजातही फोड करतो. आजारी जनावर कापायचंच नाही. अचानक मेलेलं, नाकातून काळं, न गोठणारं रक्त आलेलं, तर उघडायचंसुद्धा नाही. गाभण शेळीला तर हात लावायचा नाही, आणि—

बघ, पत्र लिहायला बसलो आणि दवाखान्याच्या भिंतीवरचा फलक झाला. राग मानू नकोस.

तुला आठवतं का, आबांच्या कंदुरीला तू चाचांच्या मांडीला मांडी लावून बसली होतीस? बाकीची पोरं लांब पळाली. चाचांनी कोथळा फाडला, तर आत बाभळीच्या शेंगा, काही अजून अख्ख्या. तू त्यातली एक काडीनं बाजूला ओढलीस आणि विचारलंस, 'ही सकाळची की कालची?' मला उत्तर आलं नव्हतं. आबा तिकडे वाटे घालत होते, प्रत्येक वाट्यात काळजाचा तुकडा, चरबी, एक नळी. सगळ्यांनी उचलून झाले की उरेल तो आपला. वाटे घालणाऱ्यानं आधी उचलायचा नाही, एवढंच त्यांचं. तू या खेपेला वाटे घातलेस का? आक्काकडे पोचला का? ती मागणार नाही, पण वाट बघते.

३० किलोच्या बोकडाचे १४ किलो पडले म्हणालीस, उस्मानाबादी जातीला ते ठीक आहे. पुण्यातली नोकरी सोडलीस तेव्हा मी जे बोललो ते बोललो. किलोचा हिशेब तू मला फोनवर तोंडपाठ सांगितलास, ते ऐकत बसावंसं वाटलं.

तापाचं लिहिलंय ते विसरू नकोस. गाभडलेल्या शेळ्यांचं रक्त तपासायला दे, या आठवड्यातच; त्यांचं दूध तोवर उकळल्याशिवाय कुणी पिऊ नये, चहाचंही नीट उकळी आणून. पुढचा बोकड धरशील त्याच्या आदल्या दिवशी मला कळव, मी एसटीनं येतो. मधे पडणार नाही, बाजूला खुर्ची टाकून बसेन.

तुझा,
बाबा

ता. क. हे आईनं सांगितलंय, तिच्याच शब्दांत: वजडी उकळत्या पाण्यात जास्त वेळ ठेवू नकोस, काळी साल चिकटून बसते, मग खरवडून निघत नाही. आणि अंगठा बरा होईपर्यंत मुंडी दुसऱ्या कुणाकडून भाजून घे.